दामूकाकांची लाइन क्लिअर

दामूकाका आठल्ये आमच्या फाटकाशी येतात आणि आत येत नाहीत. घंटी वाजवत नाहीत, कडी वाजवत नाहीत. नालीवरच्या फरशीवर दोन्ही पाय जुळवून उभे राहतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "शुभदा, लाइन क्लिअर?"

यावर नुसतं "या ना काका" म्हणून भागत नाही. "हो हो" म्हणूनही नाही. "लाइन क्लिअर दिली" असं पूर्ण वाक्य कानावर पडलं, की मग पाऊल उचललं जातं. माझ्या सासूबाई नागपूरहून पहिल्यांदा झाशीला आल्या, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि फाटकाशी हे उभे. सासूबाई आतून म्हणत होत्या, "या, या, बसा." काका म्हणत होते, "लाइन क्लिअर?" सासूबाई पुन्हा, "अहो, या ना आत!" काका पुन्हा, "लाइन क्लिअर?" मी ओले केस घेऊन न्हाणीघरातून धावत येईपर्यंत हा संवाद चालू होता. काका लूच्या झळांनी लालबुंद झाले होते, पण फाटकाच्या आत बोटभरही सरकले नव्हते. ते गेल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "यांचं सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं, "रेल्वेतले आहेत." तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं. त्यांचे दोन भाऊ रेल्वेत होते.

ज्यांच्या घरात रेल्वे नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. काका एका लहानशा स्टेशनाचे मास्तर होते आणि त्यांच्या वेळी तिथे एकेरी लाइन होती. म्हणजे दोन स्टेशनांच्या मध्ये रूळ एकच. जाणारी गाडी त्याच्यावरून, येणारीही त्याच्यावरूनच. त्यामुळे गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाच्या मास्तरला तारेवरून विचारायचं, "लाइन क्लिअर?" त्यानं दिली तरच सोडायची. आणि ज्यानं दिली त्यानं, ती गाडी पोचेपर्यंत, आपल्याकडून काही म्हणजे काही सोडायचं नाही. सिग्नल लाल करून गुपचूप वाट बघायची. हा नियम कुणी मोडला, तर दोन गाड्यांची मधल्या बाभळीच्या रानात गाठ पडते.

नोकरी संपली, पण काकांनी नियम सोडला नाही. उलट आता त्याला सगळं शहर मोकळं मिळालं. ते गर्दीच्या चौकात रस्ता ओलांडताना समोरच्या टेम्पोवाल्याकडे लाइन क्लिअर मागतात. देवळात गाभाऱ्यात शिरण्याआधी पुजाऱ्याकडे मागतात. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची सभा चालू असताना, म्हणजे सगळे एकदम बोलत असताना, ते एकदा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "एकेरी लाइनवर तुम्ही सात गाड्या सोडल्या आहेत. मी साक्षीदार राहू इच्छित नाही." आणि घरी निघून गेले. त्या वर्षी मोदकांचं कंत्राट कुणाला द्यायचं ते ठरलंच नाही.

काकांनी लग्न केलं नाही. स्वयंपाक स्वतः करतात आणि उत्तम करतात, फक्त मेथीला हात लावत नाहीत. "मेथी हा बकऱ्यांचा माल आहे, तो पार्सलच्या डब्यातून जायचा" असं त्यांचं मत आहे. गेल्या वर्षापासून मात्र त्यांनी एक नवीनच खूळ काढलं. संध्याकाळी फाटकाशी यायचं, लाइन क्लिअर मागायची, आत पायरीपर्यंत यायचं आणि सांगायचं, "आज भरली वांगी केली." मग वळून परत जायचं. जेवायला बोलावणं नाही, वाटीभर पाठवणं नाही, फक्त खबर. मला वाटलं आपल्यालाच सांगतात, पण दूधवाला म्हणाला, "भाभीजी, बब्बा रोज हमें सब्जी काहे बताते हैं? हमने तो कभी पूछी नहीं." भाजीबाजारात एकदा गर्दीतून मला हाक मारून ते ओरडले होते, "आज आमटी! कटाची नव्हे, साधी!" लोक माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, वय झालं.

आता हरदयालजींकडे यायला हवं, कारण त्यांच्यावाचून काका पुरे होत नाहीत. हरदयालजी म्हणजे काकांच्या पुढच्या स्टेशनाचे मास्तर. टहरौलीकडचे, पक्के बुंदेली. नोकरीची कितीतरी वर्षं ही दोन माणसं तारेच्या दोन टोकांना बसून रोज एकमेकांशी बोलली, पण भेटली नाहीत. एक ड्यूटीवर असला की दुसराही असणारच. आवाजावरून काकांनी ठरवून टाकलं होतं, की हा माणूस उंच, गोरा आणि झुबकेदार मिशांचा आहे. प्रत्यक्षात हरदयालजी बुटके, सावळे, आणि नाक व ओठ यांच्यात मिशीला फारशी जागाच नसलेले. पहिल्या भेटीत काकांनी त्यांना हमाल समजून बॅग दिली होती. हरदयालजींनी ती मुकाट्यानं वाहून नेली आणि ठेवताना म्हणाले, "दामू भैया, लाइन किलियर?" तेव्हा कुठे ओळख पटली.

निवृत्त झाल्यावर हरदयालजींनी मुद्दाम झाशीत, आमच्या नगरा भागात, काकांच्या घराच्या पाठीमागचा प्लॉट घेतला. दोन्ही घरांची मागची भिंत एकच. काका आनंदले. पण एक अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती. या दोघांना समोरासमोर बोलता येत नव्हतं! समोर बसले की दोघं एकमेकांच्या चपलांकडे बघत. चहा येई, पिऊन होई. "गर्मी बहुत है." "हओ." मग दहा मिनिटं पंख्याचा आवाज. शेवटी काका उठत, गल्लीला वळसा घालून आपल्या घरी येत, आणि येऊन फोन लावत. "हां भैया, अब बताओ." मग भिंतीच्या या बाजूला आणि त्या बाजूला तासभर हसणं चाले. ते काय बोलत ते मला कधी कळलं नाही. आमच्या गच्चीवर फक्त काकांचं हसू ऐकू येई.

मागच्या वर्षी हरदयालजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

माणूस मुका झाला की लोक त्याला बहिराही धरून चालतात. हरदयालजींचे कान एकदम शाबूत, पण सून त्यांच्या कानाशी येऊन "पापाजी, चाय!" असं ओरडते, की आमच्या गच्चीवरची कबुतरं उडतात. मुलगा खुणा करून बोलतो. कुणीतरी त्यांना पाटी-पेन्सिल आणून दिली. ती त्यांनी पाण्याच्या टाकीत टाकली. आणि काकांचा फोन बंद पडला. फोनवर एका बाजूनं नुसता श्वास ऐकायचा, हे काकांना सोसवेना. ते रोज जाऊन बसत, चपलांकडे बघत आणि परत येत.

मी काकांना म्हटलं, "व्हॉट्सअ‍ॅप आहे ना! त्यांच्याकडे मोबाइल आहे, तुमच्याकडे आहे. लिहा की."

"तू वापरतेस ते?"

"सगळं जग वापरतं."

"मग सांग. तू इकडून लिहून पाठवतेस तेव्हा समोरचा तयार आहे का, हे आधी विचारतेस?"

"नाही, म्हणजे तो नंतर बघतो..."

"लाइन क्लिअर न घेता गाडी सोडतेस," काका म्हणाले. "शिकली-सवरलेली बाई तू. आणि मुलांना शिकवतेस."

मी नगऱ्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे चौथीपर्यंतच्या मुलांना पडद्यावर झोपडी, डोंगर आणि डोंगरामागून उगवणारा सूर्य काढायला शिकवते. पण गल्लीत माझी ख्याती फार. त्यामुळे एका रविवारी काकांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या माजघरात, मागच्या भिंतीशी, एक जाडजूड जुना कॉम्प्युटर मांडला होता. सीपरी बाजारातला सायबर कॅफे बंद पडला, तेव्हा त्यांनी तसले दोन आणले होते. एक स्वतःला, एक भिंतीपलीकडे हरदयालजींना. भिंतीला भोक पाडून झालं होतं. भोकातून एक काळी केबल आरपार गेली होती.

"दोघांना जोडायचं," काका म्हणाले. "तो तिकडे लिहील, मी इकडे वाचीन. मध्ये ना टॉवर, ना इंटरनेट. त्याचं टोक त्याच्या हातात, माझं माझ्या. पण शुभदा, मामला अडकलाय. माझ्याकडे विंडोज आहे. त्याच्या नातीनं बेंगळुरूला जाण्याआधी त्याच्या कॉम्प्युटरात लिनक्स घालून ठेवलंय. म्हणजे दोन झोन झाले. नियम वेगळे, रूळ एक."

मी केबल बघितली. काकांनी ती स्वतः केली होती. सोल्डरिंगचं काम असं सुबक, की फ्रेम करून लावावं. या टोकाची दुसरी पिन त्या टोकाच्या दुसरीला, तिसरी तिसरीला. रूळ सरळच असतो, असा साधा हिशेब. मी घरी येऊन इंटरनेटवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काका, एक पिन बोलायची असते, एक ऐकायची. तुम्ही याचं तोंड त्याच्या तोंडाला आणि कान कानाला जोडलाय. दोन वायरी मध्ये उलटसुलट करायच्या."

"म्हणजे क्रॉसिंग?"

"क्रॉसिंग."

"चालू लाइनमध्ये?" काका हादरले होते. पण त्यांनी ते केलं.

मग अक्षरं आली. ती कुठल्याच भाषेतली नव्हती. अर्धे चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच एक हसरा चेहरा. काकांनी चष्मा पुसून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हरदयाल असं बोलणार नाही." दोन्हीकडचा वेग वेगवेगळा होता, हे शोधायला मला आठवडा लागला. वेग सारखा करताना काकांनी हट्टानं यादीतला सगळ्यात कमी निवडला. "नवीन रूळ आहे. सावधानीनं." त्यामुळे आमच्याकडे अक्षरं मालगाडीच्या डब्यांसारखी एकामागून एक यायची. पुढे असं दिसलं, की लिनक्सकडून आलेली नवी ओळ खाली न उतरता जुन्या ओळीच्या अंगावरच चढते. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "टक्कर!" ते ओरडले आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. तो विंडोजमधला एक चौकोन टिकमार्क करण्याचा मामला होता, पण मेन स्विच चालू करून घ्यायला मला दोन कप चहा घ्यावे लागले.

एवढं झाल्यावर मी तिकडे जाऊन चार अक्षरं टाइप करून बघितली. ती इकडे नीट आली. झालं! मी हात झटकले. आता दोघांनी लिहावं आणि वाचावं.

पण दुसऱ्या दिवशी काका फाटकाशी उभे होते ते वेगळ्याच चेहऱ्यानं. त्यांनी कुठून तरी केबलच्या टोकाला असतात त्या नऊ पिनांचा नकाशा मिळवला होता. "शुभदा, तुला ठाऊक आहे, यात आणखी दोन वायरी आहेत? एक विचारते, 'पाठवू का?' आणि दुसरी सांगते, 'पाठव.' तोपर्यंत कॉम्प्युटर अक्षर सोडत नाही!" त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "त्यांच्याकडेही लाइन क्लिअर आहे गं. आणि आपण त्याच्याशिवाय गाडी चालवत होतो."

मी सांगून बघितलं, की त्या वायरींची एवढ्या कामाला गरज नाही. लोक सरळ आपल्याच टोकाला त्या दोन पिना एकमेकींना जोडून टाकतात. कॉम्प्युटर स्वतःलाच विचारतो आणि स्वतःच हो म्हणतो.

काकांनी नकाशाची घडी घातली. "स्वतःच विचारायचं आणि स्वतःच द्यायची? असा एक मास्तर होऊन गेला. पुढे तो मास्तर राहिला नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि स्वतःला विचारण्यात काय आहे? घरात दिवसभर तेच तर करतो मी."

काकांनी त्या दोन वायरी ओढल्या, पण त्यांचा कॉम्प्युटरवर तेवढ्यापुरताही भरवसा नव्हता. लाइन क्लिअर यंत्रानं आपली आपण द्यायची नसते, माणसानं द्यायची असते. म्हणून त्यांनी प्रत्येक वायरीत दाराच्या घंटीचं एकेक बटण बसवलं. एक आपल्या टेबलावर, एक हरदयालजींच्या. काकांनी बटण दाबून धरलं तरच हरदयालजींची अक्षरं काकांकडे येणार, आणि तिकडेही तसंच. बोट उचललं, की गाडी बाहेरच्या सिग्नलला उभी. जगात दुसऱ्या कुणी हे केलं असेल असं मला वाटत नाही.

बटणाआधी घंटी हवी, म्हणून काका भिंतीवर ठोका मारून तिकडे सूचना देणार होते. पण पहिल्याच ठोक्याला हरदयालजींच्या सुनेच्या देव्हाऱ्यातल्या कृष्णाची बासरी पडली आणि तिनं त्या व्यवस्थेला कायमची मनाई केली. मग एकच वेळ ठरली. संध्याकाळची पॅसेंजर हरदयालजींच्या स्टेशनाहून सुटायची ती. त्या वेळी दोघांनी आपापल्या टेबलाशी बसायचं.

उद्घाटनाला मी हजर होते. काकांनी धुतलेला सदरा घातला होता आणि सुरळीची वडी केली होती. वेळ झाली. काकांनी बटणावर तर्जनी ठेवली, दाबली आणि पडद्याकडे बघत बसले. पडदा काळा. बाहेर दिवेलागण झाली. काकांचं बोट पांढरं पडलं. काही आलं नाही.

"केबल," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबल उसवली आणि पुन्हा सांधली. संध्याकाळी पुन्हा बसले. काही नाही. मी सगळ्या सेटिंगा तपासल्या. तिकडे जाऊन मी लिहिलं आणि इकडे काकांनी बटण दाबलं, तर अक्षरं येत. मी तिथून उठले की येत नसत. मी लिनक्सवर संशय घेतला, काकांनी खारीवर. भोकातून खार जाते आणि वायर कुरतडते, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी केबलला टिनाचं नळकांडं घातलं. संध्याकाळी पुन्हा काळा पडदा.

"आज पिठलं," असं त्या आठवड्यात काका पायरीशी येऊन म्हणाले. मग "आज नुसता दहीभात." मग एक संध्याकाळ ते फाटकाशी आलेच नाहीत. मी जाऊन बघितलं, तर ते माजघरात काळ्या पडद्यासमोर बसले होते. मी लाइन क्लिअर न मागताच आत शिरले, तर त्यांनी टोकलंसुद्धा नाही. म्हणाले, "बोलायचंच नसेल त्याला. मी उगाच भिंत फोडली."

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. एवढी सोल्डर, एवढा खटाटोप, आणि तिकडे हा माणूस त्या वेळी झोपा काढतो की काय! दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी काकांना टेबलाशी बसवलं आणि मी गल्लीला वळसा घालून हरदयालजींकडे गेले.

सून ओट्याशी होती. तिनं हातातली पळी न ठेवता आत बघून आरोळी मारली, "पापाजी! बिन्नू आई हैं!" बिन्नू म्हणजे मी, इकडे लेकीबाळींना तसंच म्हणतात. हरदयालजी मागच्या खोलीत, भिंतीशी, टेबलासमोर ताठ बसले होते. अंगात धुतलेला कुर्ता. समोर काळा पडदा. आणि उजव्या हाताची तर्जनी घंटीच्या बटणावर, घट्ट दाबलेली.

मी विचारलं, "आप रोज ऐसे बैठते हैं?"

त्यांनी मान हलवली. हओ.

"तो कुछ लिखते क्यों नहीं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नियमाबाहेरचं काहीतरी विचारतेय. मग डाव्या हातानं मोबाइल ओढून, उजवं बोट बटणावरून न उचलता, अंगठ्यानं हळूहळू लिहिलं आणि मला दाखवलं. "सब मोसें पूछत, कोऊ कछू बताउत नइयाँ. हमने लाइन दै दई. दामू भैया बोलें तौ हम सुनें." सगळे मला विचारतात, सांगत कुणीच नाही, अशी ती तक्रार होती. आणि त्याखाली, थोडं थांबून, "हमाई गाड़ी तौ बंद हो गई बिन्नू."

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटीसुद्धा ज्यांनी टाकीत बुडवली, त्या माणसानं रोज संध्याकाळी बटण दाबून काकांना लाइन क्लिअर दिली होती आणि नियमाप्रमाणे, गाडी येईपर्यंत स्वतःकडून काही सोडलं नव्हतं. भिंतीपलीकडे काकांनीही त्याच वेळी, त्याच नियमानं, तेच केलं होतं. दोन्हीकडे हिरवं, मध्ये मोकळा रूळ, आणि दोघं मास्तर फलाटावर गाडीची वाट बघत बसलेले. केबल पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती.

"बाबूजी," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना, रडूही आवरेना, "काका भी उधर बटन दबाके बैठे हैं. रोज. वो कहते हैं, शाम की पैसेंजर तो आपके यहाँ से आती है."

हरदयालजींचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण तो माणूस पोट धरून हसत होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सून दारात येऊन घाबरून बघत होती. त्यांनी बटणावरचं बोट उचललं, हाताची बोटं मोडली आणि मला दुसऱ्या हातानं हाकललं. जा, जा तिकडे.

मी पदर खोचून गल्लीतून धावत सुटले. लाइन क्लिअर न मागता थेट माजघरात घुसले. काका बटणावर बोट ठेवून पुढे वाकले होते. काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांत, एकेक डबा करत, गाडी येत होती.

"दामू भैया. आज का राँधो?"

काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघता सांगू लागले. "त्या स्टेशनावर मी आणि रूळ बदलणारा एक पॉइंट्समन, तोही रात्री गावात जायचा. पॅसेंजर निघून गेली, की हा मला रोज विचारायचा, आज का राँधो. पहिल्या दिवशी मी काहीच रांधलं नव्हतं, चणे खाऊन झोपणार होतो. पण विचारलं ना कुणी! मग सांगायला हवं म्हणून मी पिठलं केलं. असा शिकलो सगळा स्वयंपाक. घशाच्या ऑपरेशनपर्यंत रोज विचारायचा गं तो."

मला दूधवाला आठवला, भाजीबाजार आठवला, आणि पायरीशी येऊन वळून जाणारे काका आठवले. वर्षभर हा माणूस कुणी न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं दारोदार देत फिरत होता, आणि मी म्हणत होते, वय झालं.

काका एकदम दचकले. "अगं, पण आज मी काहीच केलं नाही! चूलच पेटवली नाही. आता काय सांगू? तुझ्याकडे काय आहे?"

"कढी, भात आणि मेथीची भाजी."

काकांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ते तिन्ही पदार्थ लिहिले आणि लिहून होताच पुन्हा बटणावर बोट दाबलं. काही वेळ काळ्या पडद्यावर काही हललं नाही. मग तिकडून सावकाश एकेक डबा निघाला.

"झूठ. मेथी तुम कब से खान लगे?"

काका हसायला लागले. गच्चीवर ऐकू यायचं तेच हसू, वर्षभरानं. डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण बोट उचललं असतं तर हरदयालजींची गाडी मध्येच थांबली असती. त्यांनी सदऱ्याच्या खांद्याला गाल घासला. मग पडद्यावर पुढची ओळ यायला लागली आणि मी तिथे आहे हे ते विसरून गेले.

मी घरी आले. ताटलीत कढी आणि भात वाढला, मेथी वगळली, वर झाकण ठेवलं आणि परत गेले. काकांच्या दाराबाहेर दोन्ही पाय जुळवून उभी राहिले आणि विचारलं, "काका, लाइन क्लिअर?"

"नाही," आतून आवाज आला. "थांब. गाडी येतेय."

मी ताटली घेऊन पायरीवर बसले.